जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्ष : एका मामाचा अभिप्राय

गेल्या कापसाच्या हंगामात माझ्या बहिणीचे कमी दिवसांचे बाळ विदर्भातील आमच्या जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात, नवजात शिशु विशेष काळजी कक्षात, जवळपास महिनाभर भरती होते. कागदोपत्री या कक्षाला ‘एसएनसीयू’ म्हणतात; बाहेर बाकावर बसलेली माणसे त्याला ‘पेटीचा वॉर्ड’ म्हणतात. हा अभिप्राय मी लिहीत आहे तो अशा कुटुंबासाठी, ज्याच्या हातात रात्री-अपरात्री रेफरची चिठ्ठी पडते आणि बाळाला सरकारीत न्यावे की खासगीत, हे ठरवायला अर्धा तासही मिळत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. बाळाच्या उपचारासाठी या कक्षावर विश्वास ठेवायला हरकत नाही. बाळाच्या माणसांना मात्र हा कक्ष हिशेबातच धरत नाही, आणि त्याचा भुर्दंड शेवटी थोडाफार बाळालाही पडतो. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या एकाच इमारतीच्या असतील असे मला वाटत नाही.

ताईचे पहिलेच बाळंतपण असल्यामुळे रीतीप्रमाणे ती माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली होती. तेहतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी बाळाची फुफ्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून तिला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, पण पुढचे डोस देण्याइतकी उसंत मिळालीच नाही. मुलगा झाला, वजन 1,580 ग्रॅम. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे धरतात, तेव्हा हे तर पुष्कळच खाली होते. रडला, पण लगेच प्रत्येक श्वासाबरोबर कण्हू लागला आणि बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागली. तिथे उबेचे यंत्र होते, ऑक्सिजन होता. त्यापुढचे काही नव्हते. डॉक्टरांनी वेळ न दवडता जिल्ह्याला पाठवायचे ठरवले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

प्रवासाबद्दल मात्र चांगले लिहिता येणार नाही. गाडी आली, पण तिच्यात नवजात बाळासाठी उबेची सोय नव्हती आणि सोबतीला परिचारिकाही नव्हती. ताईला सकाळपर्यंत तिथेच ठेवण्यात आले, त्यामुळे बाळ निघाले ते आजीबरोबर आणि माझ्याबरोबर. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरने माझ्या आईच्या, म्हणजे बाळाच्या आजीच्या, लुगड्याचा पदर बाजूला करून बाळाला तिच्या उघड्या छातीवर उताणे न ठेवता पालथे ठेवले, मान एका बाजूला वळवली, वरून शाल गुंडाळली आणि बजावले, “आजी, पोहोचेपर्यंत त्याला काढायचं नाही, आणि नाक झाकायचं नाही.” कक्षात पोहोचल्यावर घेतलेले तापमान ठीक निघाले, ते केवळ या दोन वाक्यांमुळे. एवढ्या लहान बाळाच्या अंगावर उष्णता धरून ठेवणारी चरबीच नसते. वाटेत थंड पडलेले बाळ श्वासालाही लवकर थकते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात मोफत नेणे हा 2011 पासूनचा हक्क आहे. गाडी फुकट मिळाली हे खरे, पण गाडी मिळणे आणि बाळ नीट पोहोचणे यांत जे अंतर आहे ते त्या रात्री आमच्या आईच्या छातीने भरून काढले.

आता कक्षाविषयी. दारातच चप्पल काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, गाऊन घालून आत जावे लागते. बाळाला घेतल्याबरोबर वजन, तापमान, टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर, आणि पायाला लाल दिव्याची पट्टी लावून ऑक्सिजनचे प्रमाण, एवढे सगळे आमचे नाव-गाव लिहून होण्याच्या आत झाले. मग नाकात दोन छोट्या नळ्या बसवून सीपॅप लावला. हे यंत्र बाळाच्या वतीने श्वास घेत नाही. सतत हलका दाब देऊन फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या मिटू देत नाही, म्हणजे बाळाला दर श्वासाला नव्याने झटावे लागत नाही. हे मला नंतर एका निवासी डॉक्टरांनी रात्री उशिरा, त्यांना फुरसत झाली तेव्हा, शांतपणे समजावून सांगितले. ज्यांना आपण सगळे ‘पेट्या’ म्हणतो त्या बहुतांशी वरून उब देणाऱ्या उघड्या गाद्या आहेत, हेही तेव्हाच कळले. परिचारिकांच्या कामाबद्दल माझी एकही तक्रार नाही. एकेका पाळीत त्यांच्या अंगावर जितकी बाळे असतात तितकी असूनही औषधाची वेळ टळलेली किंवा संपलेले सलाईन तसेच लटकत राहिलेले मी पाहिले नाही. दोन-तीन दिवसांनी कावीळ वाढली तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवले. ती लवकरच उतरली आणि त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते दाराबाहेरचे. दुसऱ्या दिवशी ताई आली, टाके ओले असताना एसटीच्या बाकासारख्या लोखंडी बाकावर बसली, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या सासरची मंडळीही येऊन पोहोचली. सासूबाई आल्या आल्या आईला म्हणाल्या, “आठव्याचं लेकरू हाती लागत नाही म्हणतात, विहीणबाई. सातव्यात झालं असतं तर वाचलं असतं.” त्यांच्या मनात वाईट नव्हते; आपल्याकडे गावोगाव हे असेच मानतात. पण ताई समोर बसली होती. पहिले बाळंतपण माहेरचे, म्हणजे जे बिनसले ते माहेरच्या पदरात, हा न बोललेला आरोपही त्यात होता. आई, जी एरवी कोणाचे ऐकून घेत नाही, तिने मान खाली घातली. ही गाठ दोन्ही घरांमध्ये पुढचे कित्येक दिवस बसून राहिली. ती सुटली तीही कक्षाच्या व्यवस्थेमुळे नव्हे, तर एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या स्वभावामुळे. राऊंड संपवून बाहेर पडताना त्यांच्या कानावर हेच वाक्य पडले आणि त्या थांबल्या. “आजी, सातव्यापेक्षा आठव्याचं बाळ जास्त तगतं. पोटात काढलेला एकेक आठवडा त्याच्या फायद्याचाच असतो. लवकर कळा येण्यात तुमच्या सुनेचा काही दोष नाही, माहेरच्यांचाही नाही.” हे बोलायला त्यांना मिनिटभरही लागले नसेल. भरतीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाला बसवून हेच सांगण्याची पद्धत का असू नये, हा माझा या कक्षाला पहिला प्रश्न आहे.

दुधाच्या बाबतीत मात्र या कक्षाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. बाळाला ओढायची ताकद नव्हती, त्यामुळे दूध नळीने पोटात जाणार होते, आणि ते आईचेच असले पाहिजे याबाबत तिथल्या प्रमुख सिस्टर कमालीच्या हट्टी होत्या. आमच्या गावातून कोणीतरी शेळीच्या दुधाचा सल्ला फोनवर दिला होता, तो त्यांनी ऐकूनही घेतला नाही. ताईला भिंतीकडे तोंड करून बसवले, उकळून आणलेली स्टीलची वाटी हातात दिली आणि अंगठा व बोट कुठे ठेवायचे, मागे छातीकडे दाबून मग पुढे कसे आणायचे, हे स्वतः हात धरून शिकवले. बऱ्याच वेळाने वाटीच्या तळाला पिवळसर चिकाचे थोडे थेंब जमले. एवढ्याने काय होणार म्हणून ताईला रडू आले. सिस्टरने ते थेंब पिचकारीत ओढून घेतले, त्यातला एक बाळाच्या गालाच्या आत सोडला आणि म्हणाल्या, “रडू नका. याच्यात जे आहे ते आमच्या औषधाच्या कपाटात नाही.” त्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, ताई वाटी घेऊन आत जाऊ लागली. तिला करण्यासारखे काहीतरी मिळाले, हा त्या वाटीचा दुसरा उपयोग.

पण इथेच व्यवस्थेतली एक विसंगती लक्षात येते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला मोफत आहार मिळतो तो साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस. कमी दिवसांचे बाळ मात्र तीन आठवडे, चार आठवडे आत असते, आणि त्याला लागणारे एकमेव दूध ज्या बाईच्या अंगातून यायचे आहे तिच्या जेवणाची जबाबदारी चौथ्या दिवसापासून नातेवाइकांवर येते. आम्ही रुग्णालयाच्या फाटकाजवळच्या शिवभोजन केंद्रातून दहा रुपयांची थाळी आणत होतो. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. चवीला बरी होती, पण केंद्र दुपारीच बंद होई आणि ओल्या बाळंतिणीचे भागेल इतकी ती नव्हती. रात्रीसाठी बाहेरच्या हॉटेलातून भाकर आणि आलूची भाजी. घरी असती तर तिला डिंक-मेथीचे लाडू, खसखशीची खीर मिळाली असती. औषधे, तपासण्या, रक्त या सगळ्याचे बाळासाठी पैसे लागत नाहीत, हे खरे आहे आणि आमच्याकडून ते मागितलेही गेले नाहीत. फक्त एकदा एक महागडे इंजेक्शन ‘साठ्यात नाही’ म्हणून बाहेरून आणायला लावले. अशा वेळी चिठ्ठीवर डॉक्टरांची सही व शिक्का मागून घ्यावा, म्हणजे पुढे तक्रार करायची झाली तर हाती कागद राहतो. खर्च झाला तो भाड्याचा, जेवणाचा आणि बुडालेल्या कामाचा. भाऊजी हंगामात जिनिंगवर जातात, ते खाडे पडले. आमच्याकडे पऱ्हाटीला बोंडे फुटून लोंबत होती आणि वेचणीला आई नव्हती; बाबांनी एकट्याने गडी-बाया जमवून जेवढे घरात आणता आले तेवढे आणले, बाकीच्या कापसावर अवकाळी पाऊस पडला.

दुसरा आठवडा संपत आला असताना बाळ बिघडले. सीपॅप सुटला होता, वजन थोडे वर सरकू लागले होते, आणि एका सकाळी ताई दूध देऊन बाहेर आली ती म्हणाली, “पाय थंड लागतात त्याचे. हात लावला तर हलला पण नाही.” तिने आत सिस्टरलाही हे सांगितले होते, आणि सिस्टरने ‘झोपला असेल’ असे म्हणून टाळले नाही, लगेच डॉक्टरांना बोलावले. नळीतून दिलेले आधीचे दूध पोटात तसेच पडून होते, पोट फुगले होते, श्वास मधूनच थांबत होता. रक्तात जंतुसंसर्ग. नवजात बाळात हा आजार तापाने ओरडून येत नाही. दूध सोडणे, थंड पडणे, मलूल होणे, मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास, अशा हळू चालणाऱ्या खुणांनी येतो, आणि त्या पहिल्यांदा दिसतात त्या बाळाला रोज हात लावणाऱ्या माणसाला. रक्त कल्चरला, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत ते पाहायला, गेले, त्याचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात म्हणून निकालाची वाट न पाहता प्रतिजैविके बदलली, दूध बंद करून सलाईन लावले, पुन्हा ऑक्सिजन आला.

त्या दिवसांत कक्षाची सगळ्यात मोठी उणीव उघडी पडली. बाहेरच्या नातेवाइकांना माहिती मिळण्याची ठरलेली वेळ नव्हती, ठरलेला माणूस नव्हता. दार किलकिले होई आणि आतून आईच्या नावाने हाक येई, ‘अमुकच्या बाळाचे कोण आहे?’ नाव कोणाचेही असो, बाकांवरचे सगळेच उठून उभे राहत. कधी ती हाक डायपर आणण्यासाठी असे, कधी सहीसाठी. एका संध्याकाळी ती दुसऱ्या एका कुटुंबासाठी होती आणि त्यांचे बाळ गेल्याचे त्यांना तिथेच, दाराच्या फटीतून, आम्हा सगळ्यांच्या देखत सांगण्यात आले. सांगणारा डॉक्टर कोवळा मुलगा होता. त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही ते असह्य होत असल्याचे दिसत होते. मोकळी खोली नाही, दोन खुर्च्या नाहीत, समुपदेशक नाही. त्यानंतर ताईने दोन दिवस जवळजवळ काही खाल्ले नाही आणि दूधही आटले. बाळाच्या केसपेपरवर दर तासाच्या नोंदी होत्या. बाळंतिणीला झोप लागते का, मन कशात आहे, हे लिहायला एक ओळही नव्हती.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2017 मध्ये ‘कुटुंब सहभागी काळजी’ची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांनुसार आई-वडिलांना हात धुण्यापासून धोक्याच्या खुणा ओळखण्यापर्यंत शिकवून कक्षात बाळाजवळ येऊ द्यायचे असते. आमच्या कक्षात आईला दुधाच्या वेळेपुरते सोडत. वडिलांनी बाळ पहिल्यांदा पाहिले ते भरतीनंतर बऱ्याच दिवसांनी, काचेतून. संसर्गाची भीती हे कारण सांगितले जाई. ती भीती मी खोटी म्हणत नाही, पण आमच्या बाळाचा संसर्ग लवकर पकडला गेला तो आईच्या हातामुळे, हेही त्याच कक्षात घडले.

आणखी एक भीती आमच्या भागातल्या प्रत्येक बाकावर बसलेली असते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील याच प्रकारच्या कक्षात आग लागली. 10 बाळे दगावली, 7 वाचवता आली. बाबा गावाहून फोनवर बाळाच्या वजनाआधी विचारत ते ‘रात्री आत माणूस असतो ना?’ हेच. म्हणून मुद्दाम पाहून लिहितो: रात्रपाळीला परिचारिका कक्षाच्या आतच असत, अग्निशामक नळकांडी होती आणि तिच्यावरची तारीख चालू होती. दुसरे दार मात्र मोडक्या खाटांनी निम्मे अडलेले होते. मी लेखी तक्रार दिली; आम्ही निघेपर्यंत खाटा तिथेच होत्या.

प्रतिजैविकांना बाळाने दाद दिली. दूध पुन्हा सुरू झाले, नळीवरून वाटी-चमच्यावर आले, आणि त्याला कांगारू खोलीत हलवले. महागडे यंत्र लागत नाही अशी ही पद्धत 1978 साली कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत म्हणून सुरू झाली, आणि आता जागतिक आरोग्य संघटना ती सगळीकडे सुचवते. बाळाला फक्त लंगोट, टोपी व मोजे घालून माणसाच्या उघड्या छातीवर उभे बांधायचे आणि तासन्‌तास तसेच राहायचे. इथे येऊन कक्षाचा सगळा नूर पालटतो. इथे वडील चालतात, आजी चालते. भाऊजींना समोरून उघडणारा गाऊन दिला, आरामखुर्चीत टेकवून बसवले आणि बाळ त्यांच्या छातीवर ओढणीने बांधले. हा माणूस एरवी कापसाच्या गाठी उचलतो. त्या दिवशी अवघडलेला हात हलवायलाही घाबरत होता. सासूबाईंनी आधी ‘बाईमाणसाचं काम’ म्हणून नाक मुरडले. मग ताईला झोप मिळावी म्हणून एका दुपारी स्वतःच चोळी सोडून बसल्या आणि संध्याकाळी सिस्टरने बाळ मागितले तर म्हणाल्या, “राहू द्या आणखीन घडीभर, आत्ताच लागला त्याचा डोळा.” आई आणि त्या पाळ्या वाटून घेऊ लागल्या. दोन घरांमधले बोलणे पुन्हा सुरू झाले ते या खोलीत. ही खोली पहिल्याच आठवड्यात, बाळ स्थिर झाल्याबरोबर, सगळ्या कुटुंबाला खुली झाली असती तर अर्धी भांडणे बाकावर झालीच नसती.

सुट्टीच्या वेळी वजन 1,900 ग्रॅमच्या पुढे गेले होते. घरी आल्यावर आशाताई येऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट द्यायची, असा त्यांचा नेम आहे. झोळीच्या काट्यावर वजन, काखेत तापमान, आणि घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजणे, हे त्या इतक्या गंभीरपणे करतात की शेजारपाजारही गप्प होतो. हे शिक्षण मूळ आपल्याच गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना हेच शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले, ते 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि 2011 पासून देशभर आशांच्या कामात आले.

आशाताईंनीच सुट्टीचा कागद वाचून विचारले की डोळे तपासले का. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिनाभरात तज्ज्ञाने तपासावाच लागतो. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि वेळ गेली की दृष्टी जाते. कागदावर ही सूचना होती, इंग्रजीत, खालच्या ओळीत, आद्याक्षरांत. तोंडी कोणी सांगितले नव्हते. तपासणी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाली, पडदा ठीक निघाला. ऐकण्याची चाचणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रात व्हायची आहे. ज्यांचे बाळ सध्या आत आहे त्यांनी सुट्टीच्या दिवशीच डोळे आणि कान यांच्या तारखा मराठीत लिहून आणि संदर्भचिठ्ठी शिक्क्यासह मागून घ्यावी. आम्हाला त्या चिठ्ठीसाठी गावाहून परत जावे लागले, आणि गेलो तेव्हा शिक्का ज्यांच्या कुलपात होता ते बाबू रजेवर होते.